कट गेट: एकच माळ दोनदा ओलांडायचाय हे लक्षात ठेवून निघा

तर अखेर इंग्लंडमधली कट गेट ही माळावरची वाट सायकलवरून झाली. तीन उन्हाळे नुसतं "या वर्षी नक्की" चाललं होतं, दर वेळी कुणाचं तरी काहीतरी निघायचं नाहीतर आदल्या आठवड्यात पाऊस असा काही कोसळायचा की जायची हिंमतच नाही व्हायची. यंदा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी मी, मंदार, स्नेहा आणि तिचा चुलतभाऊ अद्वैत असे चौघं सकाळी पावणेनऊला लँगसेटच्या पार्किंगमध्ये उभे होतो, आणि तेव्हाच अर्धं पार्किंग भरलेलं होतं. म्हणजे ज्यांना दहाला आरामात पोचायची सवय आहे त्यांनी आताच ती सोडा. ट्रेनने येणाऱ्यांना पेनिस्टोन स्टेशन जवळचं, तिथून लँगसेट पाचसहा किलोमीटर, पण मग तेवढंच अंतर दमलेल्या पायांनी परतही यायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पीक डिस्ट्रिक्टच्या उत्तर भागात, ज्याला डार्क पीक म्हणतात, लँगसेटच्या तळ्यापासून डरवेंट नदीच्या वरच्या खोऱ्यात उतरणारी ही जुनी वाट. पूर्वी डरवेंट खोऱ्यातले शेतकरी हिच्यावरूनच मेंढरं घेऊन पेनिस्टोनच्या बाजाराला जायचे. लांबी नऊ-दहा किलोमीटर, माथा साधारण ५४० मीटरवर. सह्याद्रीत ट्रेक केलेल्यांना हा आकडा ऐकून हसू येईल, आम्हालाही आलं होतं, ते संध्याकाळपर्यंत टिकलं नाही. कारण माथा एकच असला तरी गाडी पलीकडे नसते हो, तोच माळ परत ओलांडून यायचं असतं, आणि दोन्ही बाजूंनी चढ पावणेतीनशे-तीनशे मीटरचा आहे. आमचा प्लॅन असा: लँगसेटहून कट गेट ओलांडून खाली डरवेंटकाठचं स्लिपरी स्टोन्स, तिथून हाउडन आणि डरवेंट या दोन जलाशयांच्या पूर्वेकडच्या ट्रॅकने फेअरहोम्स, तिथे खायचं, पश्चिमेकडच्या रस्त्याने वर येऊन पुन्हा स्लिपरी स्टोन्स आणि मग परत माळ. सगळं मिळून पस्तीसएक किलोमीटर.

सुरुवात जंगलातून होते, लँगसेटच्या तळ्याकाठचं पाइन आणि लार्चचं लावलेलं जंगल, सकाळच्या गारव्यात सुयांचा मऊ थर टायरखाली, आवाजच नाही कसला. इतकं बरं वाटतं की माणूस उगाच जोरात जातो. जाऊ नका. दहा मिनिटांत ब्रूकहाउसचा पूल येतो आणि पूल ओलांडला की झाडं संपतात आणि चढ अंगावर येतो. मी पहिल्या शंभर मीटरलाच सर्वात हलक्या गिअरवर आलो होतो आणि अद्वैत, जो चार महिन्यांपूर्वी पहिल्यांदा एमटीबीवर (माउंटन बाइकवर) बसला, तो शांतपणे पुढे निघून गेला.

तळ्याच्या दक्षिणेला एका शेतघराचे पडके अवशेष आहेत, त्या शेताचं नाव नॉर्थ अमेरिका. खरंच. तळं बांधलं तेव्हा पाणी स्वच्छ राहावं म्हणून ते रिकामं केलं आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्याने त्यावर तोफांच्या नेमबाजीचा सराव केला. हे सगळे माळ तेव्हा सरावासाठी वापरलेत, त्यामुळे वाट सोडून हेदरमध्ये (माळावरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपांत) घुसायचं नाही, आणि धातूचं काही विचित्र दिसलं तर हात लावायचा नाही.

वर आलं की मूर सुरू होतो. मूर म्हणजे नुसतं माळरान म्हटलं तर चित्र चुकतं, कारण आपलं माळरान कोरडं, कडक, खडकाळ, आणि हे स्पंजासारखं. वर गुडघ्याएवढं हेदर, खाली पीट म्हणजे हजारो वर्षं न कुजता साचलेल्या शेवाळाची काळी माती, वाटेवर मात्र वाळूच्या दगडाचे चौकोनी तुकडे आणि खरखरीत रेती. हेदर नुकतं जांभळं व्हायला लागलं होतं, पूर्ण बहर ऑगस्टच्या मध्याला असतो, फोटोंसाठीच जायचं तर दोन आठवडे थांबा. पायाशी बिलबेरी पिकलेल्या होत्या, स्नेहाने इतक्या खाल्ल्या की दिवसभर जीभ जांभळी. अधूनमधून ग्राउस पक्षी चाकाखालून फुटल्यासारखा उडतो आणि "गो-बॅक गो-बॅक" ओरडत जातो, पहिल्या वेळी मी हँडल सोडायचाच बाकी होतो. त्यांच्या शिकारीचा मोसम १२ ऑगस्टला सुरू होतो.

मिकलडेन एजचा, म्हणजे मिकलडेनच्या कड्यावरचा भाग या सगळ्यात सुंदर. डाव्या हाताला हेदर, उजवीकडे खोल घळ, मधे एका सायकलपुरती पायवाट, चढ अगदी सौम्य. नजर दहा फूट पुढे ठेवायची, घळीत बघायचं असेल तर थांबून बघायचं. चालणारे बरेच भेटतात. इथे एक नियम पक्का माहीत हवा: इंग्लंडमध्ये ब्राइडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या वाटेवर, सायकल चालवायचा हक्क १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने मिळाला, पण त्याच कायद्यात चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची असंही लिहिलंय. फुटपाथवर, म्हणजे फक्त चालणाऱ्यांच्या वाटेवर, मात्र असा हक्क नाही. पाटीवर निळा बाण म्हणजे ब्राइडलवे, पिवळा म्हणजे फुटपाथ. नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १ घ्या, त्यात दोन्ही हिरव्या तुटक रेषा असतात, लांब तुकडे ते ब्राइडलवे, छोटे ते फुटपाथ. आम्ही घोडा दिसला की उतरून उभे राहायचो आणि मोठ्याने "मॉर्निंग" म्हणायचो, घोड्याला माणसाचा आवाज कळला की तो बिचकत नाही.

माथ्याजवळचा चिखल या वाटेवर फार बदनाम. सायकल अर्धी आत जायची म्हणे. गेल्या काही वर्षांत लोकवर्गणीतून तिथे दुरुस्ती झालीय, दगडी फरश्या टाकल्यात, आणि आम्ही गेलो तेव्हा दोन आठवडे ऊन होतं त्यामुळे बूटसुद्धा भिजले नाहीत. पण पावसानंतर जाऊ नका, स्वतःसाठी नाही तर वाटेसाठी. ओल्या पीटमध्ये एक चाक गेलं की मागचा बाजूने जातो, त्याच्या मागचा आणखी बाजूने, आणि वाट वर्षभरात रस्त्याएवढी रुंद होते.

आता माथ्यावरून स्लिपरी स्टोन्सकडे जाणारा क्रॅनबेरी क्लफ या घळीचा उतार. लोक याचसाठी येतात. तीव्र, वळणावळणाचा, सुटे दगड आणि वाटेला आडवे घातलेले पाण्याचे दगडी चर. या चरांवर टायरात हवा कमी असेल तर रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब सापडते आणि सापाच्या दाढांसारखी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस असेल तर उत्तम, नसेल तर त्या दिवशी हवा थोडी जास्त ठेवा आणि माणशी दोन ट्यूब. सीट खाली, वजन पायांवर, पुढचा ब्रेक वळणाच्या आधी मारून मोकळा करायचा, वळणात नाही.

मंदारने वळणात मारला. उजव्या अंगावर पडला. कोपर सोललं, बाकी ठीक, हसत उठला, आणि तीच चूक झाली, कारण सायकल न तपासता तसाच बसून त्याने पेडल मारलं. पडताना मागचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) आत वाकला होता, तो स्पोकमध्ये गेला, कडाड, आणि हँगर तुटून डिरेलर चेनला लोंबकळायला लागला. हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर जोडणारा छोटा ॲल्युमिनियमचा तुकडा, फ्रेम वाचावी म्हणून मुद्दाम कमकुवत बनवलेला. आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा! चौघांच्या चार सायकली, चार वेगळे हँगर, त्यामुळे "कुणाकडे आहे का" या प्रश्नाला काही अर्थच नाही, आपला आपण न्यायचा. खिशात मावतो.

खाली स्लिपरी स्टोन्सला पाण्याकाठी बसून त्याची सायकल सिंगल स्पीड, म्हणजे एकाच गिअरची केली. डिरेलर काढून टाकला, चेन मधल्या अशा गिअरवर घेतली की पुढच्या चक्रापासून सरळ रेषेत येईल, चेन टूलने कड्या कमी केल्या आणि क्विक लिंकने जोडली. चाळीस मिनिटं गेली. हे जमलं कारण मंदारची हार्डटेल आहे म्हणजे मागे सस्पेन्शन नाही, मागे सस्पेन्शन असलेल्या सायकलला ते दबलं की चेन ताणली जाते, तिथे हा जुगाड फार तर सपाटीवर हळू जाण्यापुरता. हार्डटेललासुद्धा चेन सारखी मोठ्या चक्रावर चढायला बघते, जोर लावला की अजूनच. बाकी आम्ही तिघं तोपर्यंत पाय पाण्यात सोडून बसलो होतो, पाणी ऑगस्टमध्येही हाडं गोठवणारं. तिथला दगडी पूल बघा, तो मूळचा तिथला नाहीच. लेडीबोअर जलाशयात बुडालेल्या डरवेंट गावातला तो पूल, दगड दगड सुटा करून ठेवला होता आणि १९५९ मध्ये इथे पुन्हा उभा केला.

पूर्वेकडचा ट्रॅक सपाटच म्हणायचा, झाडीतून, मंदारची चाचणी आपोआप झाली. हाउडन धरण १९१२ चं, डरवेंट १९१६ चं, दोन्हींना किल्ल्यासारखे बुरूज. १९४३ मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या ६१७ स्क्वाड्रनची लँकेस्टर विमानं जर्मनीतली धरणं फोडायच्या आधी याच डरवेंट जलाशयावर अगदी खालून उडायचा सराव करत होती.

फेअरहोम्सला पोचायला अडीच वाजले. खायला, पाणी भरायला, टॉयलेटला ही एकमेव जागा, नीट वापरा. माळावर ओढे आहेत पण पाणी पीटमुळे चहासारखं तपकिरी आणि वर मेंढरं, फिल्टर नसेल तर पिऊ नका. माणशी तीन लिटर लागलं आम्हाला. आणि इथेच बसून प्रामाणिकपणे ठरवायचं, परत माळ ओलांडायचा की नाही. पर्याय आहे: रस्त्याने नऊ-दहा किलोमीटर खाली बॅमफर्ड स्टेशन, तिथून ट्रेनने शेफील्ड, गाडी बदलून पेनिस्टोन. मी मंदारला दोनदा म्हटलं, तू ट्रेनने जा, आम्ही गाडी घेऊन येतो. "चढ तसाही ढकलायचाच आहे ना, मग गिअर कशाला लागतात?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. ऑगस्टमध्ये अंधार पडायला नऊ वाजतात म्हणून हो म्हटलं, सप्टेंबर असता तर ट्रेनच.

परतीला पश्चिमेकडचा डांबरी रस्ता, शनिवार-रविवार गाड्यांना बंद असतो, मस्त शांत. डरवेंट धरणाजवळ टिप नावाच्या कुत्रीचं स्मारक आहे, तिथे थांबा. डिसेंबर १९५३ मध्ये जोसेफ टॅग नावाचे ८५ वर्षांचे मेंढपाळ तिला घेऊन हाउडनच्या माळावर गेले आणि परत आले नाहीत. १५ आठवड्यांनी त्यांचा मृतदेह सापडला तेव्हा टिप शेजारी जिवंत होती. ज्या माळावर आम्ही बिलबेरी खात होतो त्याच्याच आसपास कुठेतरी. त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि स्नेहाने जॅकेट बॅगेत वर घेतलं. उन्हाळ्यातही वर वारा आणि धुकं अर्ध्या तासात येतं, एक उबदार थर, एक पावसाचं जॅकेट, शिट्टी, टॉर्च हे सगळं ऊन असलं तरी. खोऱ्यात आमच्या कुणाच्याच फोनला रेंज नव्हती, वर मधेमधे आली. मदत लागली तर ९९९, आधी पोलीस मागायचे, मग त्यांच्याकडे माउंटन रेस्क्यू. मेसेजने ९९९ ला संपर्क करता येतो पण त्यासाठी फोन घरूनच रजिस्टर करावा लागतो.

क्रॅनबेरी क्लफ चढून वर यायला सव्वा तास, पाऊण वाट ढकलत. सगळ्यांनीच ढकललं, मंदार एकटा खूश होता. म्हणूनच माझं मत, सुरुवात फेअरहोम्सहून न करता लँगसेटहूनच करा, कारण माथा गाठला की शेवटचे पाच-सहा किलोमीटर मिकलडेनच्या कडेने नुसते सोडायचे असतात. संध्याकाळचं तिरपं ऊन हेदरवर, पेडल जवळजवळ मारायलाच नको, सिंगल स्पीडवालाही आमच्या बरोबरीने. पूल, जंगल, पार्किंग, सात वाजता.

अजून दोन गोष्टी. माळावर स्टोव्ह, डिस्पोजेबल बार्बेक्यू, सिगारेट काहीही नाही, वाळलेलं पीट जमिनीखालून धुमसत राहतं, २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूरची आग कित्येक दिवस विझत नव्हती. आणि ब्रॅकनच्या नेच्यांमधून जाताना गोचिड्या लागतात. अद्वैतला रविवारी सकाळी गुडघ्यामागे सापडली. घरी गेल्यावर त्याच रात्री अंघोळीला काखा, कंबर, गुडघ्यामागे, केसांत नीट बघा, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, तेल लावणं किंवा जाळणं असले प्रकार नकोत, आणि पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला किंवा ताप आला तर जीपीला (आपल्या नेहमीच्या डॉक्टरला) गोचीड चावली होती हे सांगा. अद्वैतला काही झालं नाही. मंदारने मात्र आता दोन हँगर घेतलेत, एक बॅगेत आणि एक सीटच्या नळीला टेपने चिकटवलेला.