मधातला धुरा

जून लागला, दाखल्यांची गर्दी सुरू झाली, की खेड्यांतल्या सेवा केंद्रांचे फोन येऊ लागतात. मी दारव्ह्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. त्या दिवशी एका गावातून फोन: "भाऊ, सी ड्राइव्ह लाल झाला. दाखल्याची पीडीएफच सेव्ह होऊन नाही राह्यली."

डिस्क ५०० जीबीची, त्यात विंडोजचा भाग सी फक्त ६०, तोच भरलेला. विंडोज ७ च्या काळातली खोड ही: सी लहान, डी मोठा. करणारा पैसे घेऊन मोकळा, निस्तरायचं आम्ही.

"डीत ढीगभर जागा हाय, तिकडची घ्या नं थोडी," केंद्रवाला म्हणाला. सगळे हेच म्हणतात. पण डी आखडला तर मोकळी जागा डीच्या शेपटाकडे निघते, आणि विंडोजला सी वाढवायला ती सीच्या उजव्या अंगाला अगदी लागून हवी. रांगेतले एक आजोबा बोलले, "म्हणजे मधात दुसऱ्याचं वावर हाय." मला हे इतकं सोपं कधी सांगता आलं नव्हतं.

जीपार्टेड या पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, हलवणाऱ्या प्रोग्रॅमनं डी सरकवता येतो, पण त्यात सगळा डेटा जागचा हलतो. मधेच लाइन गेली की संपलं. आभाळ भरलेलं, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी नाही. म्हणून डीतला १८० जीबी माल माझ्या डिस्कवर घेतला. जुना यूएसबी पोर्ट, पावणेदोन तास. तीन फायलींवर गाडं अडलं, वाचल्याच जाईनात. रांग बाहेर लिंबापर्यंत गेलेली. मी 'स्किप' दाबलं.

डी उडवला. तरी सी वाढवायचं 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' करडंच, दाबताच येईना! मधात साडेचारशे एमबीचं रिकव्हरी पार्टिशन, विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेलं. विंडोज १० वर अपग्रेड होताना सीचाच तुकडा तोडून बसवलेलं. माऊसनं ते हलत नाही. रिकव्हरी बंद केली, हुकूम टाइप करून पार्टिशन बदलायचं डिस्कपार्ट उघडलं, पार्टिशनचा नंबर स्क्रीनवर बोट ठेवून दोनदा पाहिला. 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' लिहून एंटर मारलं की ते "नक्की का?" असंही विचारत नाही. मधातला धुरा, वावरांमधला बांध, गेला. सी २०० चा झाला, उरलेल्यात नवा डी. माल परत भरला, चारशे रुपये घेतले. एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाका म्हटलं, तर "कापूस निघाल्यावर पाहू."

चार दिवसांनी फोन आला. एका पोरीचे स्कॅन केलेले कागद सापडत नव्हते, तिच्या आईला पुन्हा यावं लागलं. "डिस्क जुनी आहे, सेक्टर, म्हणजे तिच्यातले कप्पे, गेले असतील," मी म्हणालो. खोटं नव्हतं. पण डी उडवला नसता तर ते पुन्हा वाचून पाहता आले असते. त्या तीन फायलींची नावंसुद्धा मी लिहून घेतली नव्हती.