कोपीवर पिशवी कुठं बदलायची?

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सिस्टरने तिच्या पोटावर डाव्या बाजूला मार्करने गोल काढून ठेवला होता, सकाळी आतड्याचं तोंड तिथून बाहेर काढायचं आणि मग जन्मभर पिशवी. बाई ३८ वर्षांची, बीडकडची, ऊसतोडीला जाणारी, हंगामभर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणारी. मागच्या हंगामात फडातच शौचातून रक्त जायला लागलं, मूळव्याध म्हणून कुणी पुड्या दिल्या, कुणी मलम दिलं, आख्खा हंगाम त्यातच गेला आणि एकानेही बोट घालून तपासलं नाही. हे लिहितानाही राग येतोय मला, कारण गुदाशयाच्या कॅन्सरची ती गाठ गुदद्वारापासून फक्त ४ सेंटिमीटरवर होती, पहिल्याच दिवशी बोटाला लागली असती.

एप्रिलमध्ये ती आमच्याकडे आली. पाच आठवडे शेक, म्हणजे रेडिएशन, सोबत गोळ्या, मग चार महिने केमो, सगळं तिने निमूट पूर्ण केलं. नंतरच्या एमआरआयमध्ये 'थोडी गाठ शिल्लक असू शकते' असं आलं, म्हणून दसऱ्याच्या आधी ऑपरेशनच्या लिस्टला घेतली.

मोठ्या केसला आदल्या रात्री मी स्वतः परत तपासतेच, ती सवय आहे. एप्रिलमध्ये जिथे कडक काठाचा खड्डा होता तिथे काहीच लागेना, भिंत मऊ, गुळगुळीत, ग्लोव्हला रक्ताचा ठिपका नाही. मला वाटलं मीच चुकतेय, ज्युनिअरला तपासायला लावलं, तोही गप्प. सकाळी भूल द्यायच्या आधी केस थांबवली आणि स्कोप, म्हणजे कॅमेऱ्याची नळी, घातला, तर एक सपाट पांढरा चट्टा आणि त्यावर बारीक लाल रक्तवाहिन्या, बाकी काही नाही.

आता खरा वाद सुरू झाला. साओ पाउलोच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी २००४ मध्ये मांडलं होतं की शेक-केमोनंतर गाठ पूर्ण गेली असेल तर कापूच नका, लक्ष ठेवा. त्यांच्या २६५ पेशंटपैकी ७१ जणांना असं ठेवलं होतं. तेव्हा बहुतेक सर्जनना ते पटलं नाही, आणि त्यांचंही खरं होतं, कारण १९०८ पासून, माइल्सच्या ऑपरेशनपासून, म्हणजे गुदाशय गुदद्वारासकट काढून पोटावर पिशवी लावायच्या पद्धतीपासून, आमची आख्खी शाखा 'नीट काढा' यावरच उभी आहे, पुढे बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये गुदाशय भोवतीच्या चरबीच्या आवरणासकट अख्खा काढायची पद्धत दाखवली आणि तिथेच गाठ परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. आमचे सर त्याच शिस्तीत वाढलेले. ते म्हणाले, "असं न कापता ठेवलेल्या ८८० पेशंटचा आंतरराष्ट्रीय डेटा आहे, दोन वर्षांत चौघांत एकाची गाठ परत येते. न्यूयॉर्कच्या अशाच पेशंटमध्ये गाठ परत आलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना लिव्हर-फुफ्फुसात पसरलेलं सापडलं. आज आपल्या हातात आहे, उद्या नसेल."

मी म्हणलं, "सर, त्याच डेटात परत आलेल्या जवळपास सगळ्या गाठी आतड्याच्या भिंतीतच आहेत, बोटाने आणि स्कोपने सापडतात, वेळेत सापडली तर तेव्हा ऑपरेशन करता येतं."

"सापडेल, पण बाई तपासणीला आली तर. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्कोप, सहा महिन्यांनी एमआरआय. आणि ही तर दसऱ्यानंतर सांगलीकडे ऊस तोडायला जाणार. येईल?"

खरं सांगते, माझ्याही मनात तेच होतं. बायोप्सी करून उपयोग नव्हता, चट्ट्याचा तुकडा निगेटिव्ह आला तरी आत खोल पेशी नाहीत याची खात्री तो देत नाही. २०२२ मध्ये नुसत्या इम्युनोथेरपीने बाराच्या बारा पेशंटच्या गाठी गेल्या ती बातमी तिच्या पुतण्याने मोबाईलवर दाखवली होती, पण ते एका ठराविक जनुकीय दोषाच्या गाठींचं, आणि हिची तपासणी त्यात बसत नव्हती.

दुपारी तिच्या कॉटवर बसून मी सगळं सांगितलं, चौघांत एक हेही. ती जरा वेळ पोटावरच्या गोलाकडे बघत बसली, मग म्हणाली, "मॅडम, पिशवी लावली तर कोपीवर ती बदलायची कुठं? तिथं ना पाणी, ना आडोसा. उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढायचं असतंय, ती फुटली तर?" नवरा भिंतीला टेकून उभा, तो हळूच म्हणाला, "हिच्याबिगर कोयता होत नाही. दोघं मिळून एक कोयता धरत्यात. मुकादमाकडून उचल घेऊन झालीय, पैसे आधीच घेतलेत."

मी तिथे गप्पच झाले. आम्ही वर बसून ठरवत होतो की ही तपासणीला यायची नाही म्हणून ऑपरेशनच बरं, पण ऑपरेशननंतरचं तिचं आयुष्य त्या हिशोबात कुणीच धरलं नव्हतं, मीसुद्धा नाही. पिशवी घेऊन चांगलं जगणारे माझे कितीतरी पेशंट आहेत, शिक्षक आहेत, दुकानदार आहेत, पण त्यांच्या घरात नळ आहे, दाराला कडी आहे. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट बसत होतं, पुढच्या पिशव्या मात्र दर महिन्याला तिच्याच पैशाने.

ती म्हणाली, "गाठ परत आली तर काढा, तवा मी न्हाई म्हणणार न्हाई. पर आज नको." हे मी केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, दोघांचे अंगठे घेतले, सरांना दाखवलं. सरांनी वाचून खाली स्वतः लिहिलं, 'सहमत. तारीख चुकल्यास त्याच दिवशी फोन करणे.' सरांबद्दलचा माझा आदर त्या दिवशी अजून वाढला.

मुकादमाचा नंबर घेऊन मीच फोन केला. एका फेरीचे दोन खाडे, म्हणजे तेवढी मजुरी कापली जाणार, आधी तो ऐकेचना, शेवटी म्हणाला एक खाडा धरतो, पाठवतो.

जानेवारीत ती रात्रभर एसटीने आली, एकटीच. हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे, पायात वेगवेगळ्या जोडाच्या चपला. बोटाला काही लागलं नाही, स्कोपमध्ये तोच पांढरा चट्टा, सीईए, म्हणजे या कॅन्सरची रक्ततपासणी, नॉर्मल. मी कार्डावर एप्रिलची तारीख घालायला लागले तशी ती म्हणाली, "एप्रिलात तर पट्टा पडतोय मॅडम, हंगाम संपतोय, मग घरूनच येते, खाडा न्हाई पडायचा."