भयकथा कानात उतरवताना

भयकथा वाचायला बसलं की आवाज आपोआप खाली उतरतो. सूर दबका होतो, शब्द लांबतात, वाक्याच्या शेवटी कंप येतो. ऐकणाऱ्याला मग पहिल्या मिनिटातच कळतं की हा माणूस आपल्याला घाबरवायला निघालाय. तो सावरून बसतो, आणि सावरून बसलेला माणूस घाबरत नाही. माझी पहिली ध्वनिकथा लेखनापासून प्रसिद्ध करेपर्यंत मी एकटीने केली. त्या सगळ्या कामात माझा एकच हट्ट होता: सांगणारीने घाबरवायचं नाही, घाबरण्याचं काम ऐकणाऱ्यावर सोपवायचं.

आधी एखादी छापील कथा घ्यावी असं मनात होतं. पण दुसऱ्याची कथा वाचून ती प्रसिद्ध करायची तर लेखकाची किंवा ज्यांच्याकडे हक्क आहेत त्यांची लेखी परवानगी लागते, खाली श्रेय देऊन भागत नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हे हक्क टिकतात, बऱ्याच देशांत ७० वर्षं. खूप जुन्या परदेशी कथा मोकळ्या झालेल्या असतात, पण त्यांच्या अनुवादाचे हक्क वेगळे, ते अनुवादकाकडे. शेवटी स्वतःचीच कथा घेतली. एक बाई घरात एकटी राहते. रोज रात्री तिला वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो. कथा अर्धी झाल्यावर आपल्याला कळतं की त्या घराला वरचा मजलाच नाही.

ही कथा कागदावर तयार होती, कानासाठी तयार नव्हती. वाचणारा अडला तर डोळे मागे नेतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. कागदावरचं एक वाक्य असं होतं: ‘दिवा मालवण्यासाठी ती उठली तेव्हा, दुपारी स्वतःच्या हाताने कडी लावून बंद केलेलं कपाटाचं दार उघडं असल्याचं तिच्या लक्षात आलं.’ वाचायला ठीक आहे. ऐकताना मात्र कडी आणि दुपार हे दार उघडं असल्याच्या आधीच येऊन जातात, आणि धक्का वाक्याच्या गर्दीत हरवतो. रेकॉर्डिंगसाठी ते असं केलं: ‘दिवा मालवायला ती उठली. कपाटाचं दार उघडं होतं. दुपारी तिनेच कडी लावली होती.’ उघडं दार ही साधी गोष्ट आहे. तिसरं वाक्य आल्यावर ती साधी राहत नाही, आणि हे ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडतं, मला काहीच म्हणावं लागत नाही.

याच हिशेबाने सगळी संहिता पुन्हा लिहिली. भयाण, भेसूर, गूढ, अमानवी, अंगावर शहारे आणणारा अशी सगळी विशेषणं खोडली, कारण ती ऐकणाऱ्याने काय वाटून घ्यावं ते आधीच सांगून टाकतात. ‘ती म्हणाली’ हे संवादाच्या शेवटी होतं तिथून पुढे आणलं, नाहीतर वाक्य संपेपर्यंत कोण बोलतंय हेच कळत नाही. दोन पात्रांची नावं एकाच अक्षराने सुरू होत होती, त्यातलं एक बदललं. मग सगळं मोठ्याने वाचलं, आणि जिथे श्वास पुरला नाही तिथे वाक्य तोडलं.

जागेबद्दल थोडक्यात सांगते. महागडा माइक घेण्याआधी खोली बघावी. मोकळ्या भिंतींच्या खोलीत टाळी वाजवली की मागे झंकार उरतो, तोच झंकार प्रत्येक शब्दाला चिकटतो. मी कपड्यांच्या भरलेल्या कपाटासमोर बसले, पाठीमागे जाड रजई टांगली, फ्रिज आणि पंखा बंद केला आणि रात्री उशिरा रेकॉर्ड केलं. अशा घरगुती खोलीत कंडेन्सर या जास्त संवेदनशील माइकपेक्षा डायनॅमिक माइक बरा पडतो, कारण लांबचे बारीकसारीक आवाज तो कमी पकडतो. माइक तोंडापासून एक वीतभर आणि किंचित बाजूला ठेवला. भय, भास, भिंत, फट, पाऊल अशा शब्दांतल्या ओठांनी फुटणाऱ्या व्यंजनांचा झोत सरळ माइकवर आदळला की धप्प असा आवाज येतो, आणि भयकथेत असे शब्द पावलोपावली येतात. पॉप फिल्टर, म्हणजे तोंड आणि माइक यांच्यामधली जाळी, लावूनही माइकची ती तिरकी बैठक मोडली नाही.

प्रत्यक्ष वाचनाला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. सांगणारी कोण आहे हे आधी ठरवलं: ही सगळी हकीकत जिने बघितली आहे आणि जी आता शक्य तितक्या शांतपणे सांगायचा प्रयत्न करते आहे, अशी बाई. अशी बाई भीतीच्या जागी हळू बोलणार नाही, उलट तिथून लवकर निसटायला बघेल. म्हणून घराचं वर्णन, संध्याकाळची कामं, खिडक्या लावणं हे सगळं सावकाश वाचलं आणि खुर्चीच्या आवाजाची वाक्यं किंचित घाईने. थांबायच्या जागाही बदलल्या. भीतीदायक शब्दाच्या आधी थांबण्याची सगळ्यांना सवय असते, त्यामुळे ऐकणारा त्याची वाट बघत असतो. मी एखाद्या अगदी साध्या वाक्यानंतर थांबले. ‘ती पाणी प्यायला उठली.’ मग थांबा, नेहमीपेक्षा थोडा जास्त. पुढे काहीच घडत नाही, ती पाणी पिऊन परत येते. पण त्या थांब्यात ऐकणारा स्वतःच काहीतरी रचतो, आणि पुढच्या प्रत्येक साध्या वाक्याकडे संशयाने बघायला लागतो.

कुजबुज हा वेगळाच विषय. खरी कुजबुज करताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, बाहेर येते ती नुसती हवेची खसखस. ती रेकॉर्ड झाली की सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनला खोलीतली सरसर आणि कुजबुज यांतला फरक नीट कळत नाही, आणि ते कुजबुजीचाच लचका तोडतं. मागे पाण्याखालून बोलल्यासारखा आवाज उरतो. शिवाय सलग कुजबुजण्याने घसाही लवकर दमतो. मी अर्ध्या आवाजात वाचलं, म्हणजे सूर होता पण जोर नव्हता, आणि त्या जागी माइकच्या चार बोटांवर आले. मुख्यतः एका दिशेचाच आवाज पकडणाऱ्या माइकजवळ तोंड नेलं की आवाजातला खर्ज आपोआप वाढतो, बोलणारा कानाशी आल्यासारखा वाटतो. गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, तेवढा खाली घ्यावा लागतो. हा जवळचा आवाज अख्ख्या कथेत एकदाच वापरला, शेवटच्या आधीच्या परिच्छेदात.

चुकलं की वाक्य पहिल्यापासून घ्यायचं आणि त्याआधी एक टाळी वाजवायची. एडिटिंग करताना पडद्यावरच्या आवाजाच्या लाटेत तिचा सुळका लगेच दिसतो. बसण्याआधी पाणी प्यायचं. तोंडात चिकट टिकटिक व्हायला लागली तर हिरव्या सफरचंदाचा एक घास खायचा, हा ध्वनिपुस्तकं वाचणाऱ्यांचा जुना उपाय आहे आणि तो लागू पडतो.

वाचन संपल्यावर त्याच जागी, माइक न हलवता, अर्धा मिनिट काहीही न बोलता खोलीची शांतता रेकॉर्ड केली. हिला रूम टोन म्हणतात. थांबे कापताना आणि वाढवताना मधली जागा हिने भरायची. पूर्ण शून्य टाकलं तर फाइल बंद पडली की काय असं वाटतं, कारण खरी खोली कधीच पूर्ण शांत नसते. हे लक्षात आलं तेव्हा कथेतली एक जागा मला सापडली. बाई जिना शोधायला निघते आणि तिला आठवतं की या घरात जिनाच नाही, तिथे रूम टोनसुद्धा काढून टाकला. दोन सेकंद खरोखर काहीही नाही. ऐकणाऱ्याला नेमकं काय बदललं ते सांगता येत नाही, पण पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं.

एडिटिंग ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये केलं. ते मोफत आहे आणि अशा कामाला पुरतं. ८० हर्ट्‌झच्या खालची घरघर छाटली, मोठ्या आणि लहान आवाजातलं अंतर कमी करणारा कंप्रेसर हलकासा लावला, ‘स’ आणि ‘श’ ची धार डी-एसरने थोडी बोथट केली. श्वास मात्र काढले नाहीत. लांबलचक ओढलेल्या श्वासांचा फक्त आवाज कमी केला. श्वासाशिवाय बोलणारा आवाज माणसाचा वाटत नाही, आणि सांगणारी जिवंत, ओळखीची वाटली तरच तिची काळजी वाटते.

आता खुर्ची. वरून येणारा आवाज कसा करायचा याचा बराच विचार केला. डावा-उजवा भास हेडफोनवर सोपा असतो, कारण एका कानाला आवाज दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतराने आधी पोचतो आणि मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. वर-खालचं तसं नाही, ते कानाच्या पाळीच्या घड्यांमुळे आवाजात पडणाऱ्या फरकावरून कळतं, आणि साध्या स्टिरिओत तो फरक आणता येत नाही. म्हणून ‘वर’ हे शब्दांवर सोडलं आणि आवाजात फक्त ‘भिंतीपलीकडे’ एवढंच आणलं. एका खोलीत लाकडी खुर्ची ओढायला एकाला बसवलं, मधलं दार लावलं आणि मी माइक घेऊन शेजारच्या खोलीत बसले. भिंत आवाजाची तीक्ष्ण टोकं गिळते आणि जडपणा तेवढा पलीकडे येऊ देते. हेच इक्वलायझरने, म्हणजे आवाजातला खर्ज आणि टीप कमी-जास्त करणाऱ्या सोयीने, करता येतं, पण बंद दाराआडच्या खऱ्या आवाजाला जो अनियमितपणा असतो तो हाताने आणणं कठीण.

खुर्ची कथेत तीनदा येते. पहिल्या दोन वेळी आवाज लावलाच नाही, नुसते शब्द. शेवटी बाई खिडकीपाशी उभी आहे, बाहेर उजाडतंय, संहितेत खुर्चीचं नावही नाही, आणि तिथे आवाज येतो, निवेदनाच्या खाली, हळू. सांगणारी त्याची दखल घेत नाही, तिचं वाक्य तसंच पुढे चालू राहतं. म्हणजे ती खुर्ची फक्त ऐकणाऱ्याने ऐकली. माझ्या मते अख्ख्या कथेतली सगळ्यात भयंकर जागा ही आहे, आणि कागदावर ती लिहिताच आली नसती.

पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. एक धातूचं भांडं घासून त्याचा आवाज निम्म्या वेगाने लावला, म्हणजे तो एक सप्तक खाली येतो, आणि तो निवेदनाच्या खूप खाली ठेवला. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर १०० हर्ट्‌झच्या खालचं फारसं ऐकूच येत नाही, त्यामुळे नुसत्या खर्जावर भिस्त ठेवून चालत नाही. पाऊस फ्रीसाउंड या आवाजांच्या संकेतस्थळावरून घेतला. तिथे प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो: काही पूर्ण मोकळे, काहींना श्रेय द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. बीबीसीचा ध्वनिसंग्रहही ऐकायला खुला आहे, पण त्याचा मोफत वापर वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनाच्या कामापुरताच.

अचानक किंचाळी, दणका असलं काही ठेवलं नाही. अशा कथा लोक रात्री अंथरुणात हेडफोन लावून ऐकतात. त्यांच्या कानात एकदम मोठा आवाज घालणं हा विश्वासघात आहे असं मला मनापासून वाटतं. दचकणं ही शरीराची प्रतिक्रिया, दारावर कुणी थाप मारली तरी ती येते. तिच्यासाठी कथा लागत नाही.

शेवटच्या मिश्रणात एकूण पातळी पॉडकास्टसाठी नेहमी धरतात तशी उणे १६ लफ्स (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) ठेवली आणि शिखर, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १ डेसिबलच्या वर जाऊ दिलं नाही. ध्वनिपुस्तकांचे नियम वेगळे असतात. एसीएक्स या ध्वनिपुस्तकं प्रसिद्ध करण्याच्या व्यासपीठाला सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलमध्ये, शिखर उणे ३ च्या खाली आणि खोलीची सरसर उणे ६० च्या खाली लागते. मग सगळं मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र, करून ऐकलं, कारण एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्यालाही ती खुर्ची ऐकू यायला हवी. पहिल्यांदा ती पावसात बुडत होती. खुर्चीचा आवाज वाढवण्याऐवजी त्या जागी पाऊस ओसरवला.

प्रसिद्ध करण्याआधी दोघांना ऐकवलं, एकाला हेडफोनवर आणि एकीला मोबाइलच्या स्पीकरवर. कसं वाटलं हे विचारलं नाही, कथा काय होती ते सांगा म्हटलं. एकाने खुर्चीचा शेवटचा आवाज सांगितला. दुसरीने तो सांगितला नाही, पण बाई अजून त्याच घरात अडकली आहे असं ती ठामपणे म्हणाली, जे मी कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी तो आवाज होता तसाच ठेवला. वर्णनात एकटेपणा आणि मृत्यूचे उल्लेख आहेत अशी सूचना लिहिली, पावसाचं श्रेय दिलं, मूळ वेव्ह फाइली आणि सगळे ट्रॅक दोन ठिकाणी जपून ठेवले. पुढच्या कथेत एक लहान मुलगी बोलते. माझा आवाज बारीक करून ते होणार नाही, म्हणून सध्या तिच्यासाठी आवाज शोधते आहे.