वीस-तीस किलो उतरल्यानंतरची दोन वर्षं

"लई वाळलात की! शुगर निघाली का काय?" मोठं वजन उतरवलेल्या माणसाला लातूर-बीडकडच्या लग्नाच्या मांडवात हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या पोटात काळजीच असते. त्या प्रश्नात थोडं तथ्यही आहे, कारण भरपूर वजन उतरलेल्या अंगाला खरोखरच वेगळी देखभाल लागते. १०० किलोवरून ७५ वर आलेला माणूस आणि आयुष्यभर ७५ चाच असलेला माणूस काट्यावर सारखे दिसतात. त्यांची भूक, स्नायू आणि औषधांची गरज मात्र सारखी नसते. वजन उतरताना डॉक्टर, घरचे, मित्र सगळ्यांचं लक्ष असतं. आकडा थांबला की ते संपतं, आणि गडबडी बहुतेक त्यानंतरच्या दोन वर्षांत होतात.

आधी भुकेचं बघू. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं गेलं. तो अभ्यास २०१६ साली छापून आला. त्यांच्या आकाराच्या माणसाने बसल्या जागी जेवढी ऊर्जा खर्च करायला हवी, त्यापेक्षा त्यांचं शरीर रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. २०११ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वजन उतरून वर्ष झालं तरी भूक वाढवणारं घ्रेलिन चढलेलं आणि पोट भरल्याची खबर देणारी संप्रेरकं उतरलेलीच होती. ढोबळ हिशेब असा की उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, आणि भुकेची ओढ मात्र १०० कॅलरींच्या आसपास वाढते. वीस किलो उतरवलेल्याला पूर्वीपेक्षा रोज ४०० ते ६०० कॅलरी कमी लागतात, म्हणजे साधारण दोन भाकरी. म्हणून रात्री दहाला स्वयंपाकघराकडे पाय वळणाऱ्या माणसाला "जिभेवर ताबा नाही" असं म्हणणं चूक आहे. घरच्यांनी हे आधी समजून घ्यावं.

आता या दोन भाकरी कुठून वजा करायच्या? बहुतेक जण खरोखर भाकरीच बंद करतात. माझ्या मते ही पहिली चूक. ज्वारीच्या ७५ ग्रॅम पिठाच्या भाकरीत अंदाजे २५० कॅलरी असतात, पण तिच्यात साडेसात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि चांगला चोथाही असतो, आणि ती चावून खावी लागते. आपल्याकडे खरी बेरीज कोरड्यासात, म्हणजे भाकरीबरोबरच्या भाजी-आमटीत होते. करडईचं असो की शेंगदाण्याचं, एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी. त्याच भाजीत शेंगदाण्याचा कूट, ताटाच्या कडेला शेंगदाण्याची चटणी, वर भुरका आणि त्यावर पुन्हा कच्चं तेल. कुटाचा एक भरगच्च चमचा १५ ग्रॅमचा धरला तर ८५ कॅलरी झाल्या. जेवणाऱ्याला यातलं काहीच जास्त वाटत नाही. तेल चमच्याने मोजायला बसू नका, महिन्याने मोजा: माणशी ५०० मिलिलिटर, चौघांच्या घराला दोन लिटर. पाकीट कुठल्या तारखेला फुटलं ते त्याच्यावरच लिहून ठेवलं की वेगळी वही लागत नाही. कूट घालायचाच तर येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या) आमटीत घालू नका. येसरानेच ती दाट होते.

प्रथिनांचा हिशेब मात्र रोज करावा लागतो. जलद उतरलेल्या वजनात साधारण चौथा हिस्सा चरबी सोडून इतर ऊतींचा असतो, आणि त्यात स्नायू आलेच. वजन परत चढलं तर आधी चरबी भरते, स्नायू आपणहून परत येत नाहीत. किलोला १ ते १.२ ग्रॅम धरा, म्हणजे ७० किलोच्या माणसाला रोज ७० ते ८४ ग्रॅम. आपल्या ताटात हे कसं बसतं ते पाहा. दोन भाकरींचे १५ ग्रॅम. ४० ग्रॅम कच्च्या तुरीच्या डाळीचं घट्ट वरण, त्याचे ९. सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम सुक्या मोजून, त्याचे १५. दिवसभरात ३०० ग्रॅम दही, त्याचे ९ ते १०. ४० ग्रॅम फुटाणे, त्याचे ८. दोन अंडी, त्यांचे १२. वर एक पेला दूध, त्याचे ६. बेरीज ७५ च्या आसपास जाते. अंडी न खाणाऱ्यांनी ६० ग्रॅम पनीर धरावं. पाणचट वरणाची वाटी यात मोजू नका, तिच्यात डाळ दोन चमचेच असते. सकाळी नुसती सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा) किंवा पोहे खाल्ले तर प्रथिनांचा खड्डा संध्याकाळपर्यंत भरत नाही. सुशीलेत मोड आलेली मटकी मूठभर घाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळे आकडे बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्यावं.

नुसतं चालून स्नायू टिकत नाहीत. चालणं वजन राखायला उत्तम, रोज पाऊण ते एक तास. स्नायूंना मात्र ओझं लागतं. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, पाच गोष्टी पुरतात: हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाच लिटरचा पाण्याचा कॅन कंबर न वाकवता जमिनीवरून उचलणं, तोच कॅन छातीकडे ओढणं, आणि जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं. प्रत्येकी ८ ते १२ वेळा, तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड जायला हवेत. सहज बारा झाले की ओझं वाढवायचं. इथेच बहुतेक जण चुकतात, वर्षभर तोच कॅन तेवढाच उचलत राहतात. पायांची परीक्षा घरीच घेता येते. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पायांतली ताकद कमी आहे असं समजा, मग काटा काही का दाखवेना. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा चालणं सकाळी सातच्या आत उरकावं.

आणि औषधं. माझ्या लेखी सगळ्यात जास्त धोका इथे आहे. वजन उतरलं, पण गोळ्या १०० किलोच्या माणसाच्याच चालू राहिल्या, असं सर्रास दिसतं. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, डोकं बधिर होतं. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरलं की जेवा. असं एकदा जरी झालं तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन डोस बदलून घ्या. गोळी आपल्या मनाने सोडू नका, आणि "आता साखर गेली" म्हणून वर्षाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणीही सोडू नका. औषधं बंद करून तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ६.५ च्या खाली असेल तर त्याला माघार म्हणतात. माघारलेला मधुमेह वजनाबरोबर परत येऊ शकतो.

रक्तदाबाचंही तसंच. बाजेवरून उठताना अंधारी येते, याला लोक अशक्तपणा म्हणतात आणि सलाईन लावून घेतात. आधी बसून दाब मोजा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने पडला तर औषध जास्त होतंय किंवा अंगात पाणी कमी आहे. लघवी वाढवणारी गोळी आणि मे महिन्याचं ऊन एकत्र आलं की हे हमखास होतं. थायरॉइडच्या गोळीचा डोसही वजनावर ठरतो. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पुन्हा करावी.

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते, उलटी होते. "पित्त झालं" म्हणून आपल्याकडे यावर सोडा नाहीतर ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं असेल तर हे पित्ताशयातले खडे असण्याची शक्यता बरीच असते. सोनोग्राफी करा. सोबत ताप किंवा कावीळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

केस गळणं वजन जलद उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी सुरू होतं. पुंजकेच्या पुंजके येतात, पण सहसा सहा महिन्यांत थांबतं. थांबलं नाही तर फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड बघावं. महागड्या तेलांचा यात काही उपयोग नाही.

सैल त्वचेचा त्रास बायका फार सोसतात आणि सांगत नाहीत. पोटाच्या घडीखाली, छातीखाली, जांघेत ओल राहते, कातडी लाल होते, वास येतो, बुरशी धरते. आंघोळीनंतर घडी उचलून टिपून कोरडी करा, घासू नका. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात जुन्या सुती साडीच्या पट्टीची घडी मध्ये ठेवा, ओली झाली की बदला. मेडिकलमधून विचारून आणलेली 'सगळ्यावर चालणारी' मलमं टाळा. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टिरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, मग बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते. जास्तीची त्वचा काढायची शस्त्रक्रिया करायचीच असेल तर वजन किमान सहा महिने एका जागी राहू द्या.

पोटाची शस्त्रक्रिया करून वजन उतरवलेल्यांना थोडं जास्त सांगावं लागेल. त्यांचे जीवनसत्त्वांचे डोस जन्मभराचे असतात, तब्येत उत्तम असली तरीही. जठराच्या बायपासनंतर (हृदयाच्या नव्हे) कॅल्शियम सायट्रेट प्रकारचं घ्यावं, कारण ते पचायला जठरातल्या आम्लाची गरज पडत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर ठेवा, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने घोट घोट. पुरणपोळी-गुळवणी किंवा जिलेबी खाल्ल्यावर अर्ध्या तासात धडधड, घाम आणि पोटात मुरडा आला तर ते गोड सरळ आतड्यात उतरल्यामुळे होतं. गुडघा दुखतो म्हणून डायक्लोफिनॅकसारखी गोळी कधीच घेऊ नका. बायपासच्या जोडावर व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. कुठल्याही नव्या दवाखान्यात गेलात की तोंड उघडून पहिल्यांदा शस्त्रक्रियेचं सांगा. उलट्या चालूच राहिल्या तर बी१ जीवनसत्त्व संपतं. अशा वेळी ते न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे वाक्य लिहून पाकिटात ठेवण्यासारखं आहे. आणि मूल हवं असलेल्या बाईने शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने थांबावं. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते आणि दिवस अनपेक्षित राहू शकतात, म्हणून तोवर गर्भनिरोधनाचं आधीच बोलून ठेवावं.

इंजेक्शनने उतरवलं असेल तर ते अचानक बंद केल्यावर काय होतं याचा आकडा आहे. सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीनंतर औषध थांबलेल्या लोकांचं वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश वजन परत आलं. बंद करायचं कारण खर्च असेल तर ते डॉक्टरांना सरळ सांगा, आणि बंद होण्याआधी ओझं उचलायची सवय अंगी मुरू द्या.

उपवासाचा विचार वेगळा करावा लागतो. श्रावण आणि नवरात्रात साबुदाण्याची खिचडी म्हणजे पिठूळ, कूट आणि तूप. खुद्द साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. भगर, राजगिऱ्याची भाकरी आणि दह्यावर नऊ दिवस नीट निघतात. साखरेची गोळी चालू असेल तर घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डोस विचारून घ्या. याउलट वेळा अमावस्येचं शेतातलं जेवण न घाबरता जेवावं. तूर, वाटाणा, हरभरा, पावटा आणि हिरव्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. याहून चांगलं ताट आहारतज्ज्ञही सांगणार नाही. फक्त तेलाचा हात आवरा. लग्नाच्या पंगतीत आग्रह मोडता येत नाही, तेव्हा ताट लवकर रिकामं करू नका. रिकाम्या ताटातच वाढपी वाढतो.

वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर करा, आठवड्यातून निदान एकदा. रोजचा एक-दीड किलोचा फरक पाण्याचा आणि मिठाचा असतो. ठरलेल्या आकड्याच्या वर तीन किलो सलग दोन आठवडे दिसले तर तेल, कूट आणि रात्रीचं खाणं याचा हिशेब त्याच आठवड्यात काढा. तीन किलो महिन्या-दीड महिन्यात उतरतात. दहा झाल्यावर माणूस काट्याकडेच जात नाही. सोबत कंबर मोजा, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही आपली सीमा.

रक्त पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा: हिमोग्राम, फेरिटिन, बी१२, डी जीवनसत्त्व, एचबीए१सी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी). शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतली असेल तर बी१२ बऱ्याचदा खाली असतं. तळपायाला मुंग्या येत असतील तर तपासणीसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहू नका.

आणि जेवण पोटभर असताना, काहीही न करता वजन उतरतच राहिलं, तर लग्नातला तो प्रश्न खरा धरा. सहा महिन्यांत ७५ चे ७१ झाले असतील तर साखर आणि थायरॉइड तपासा, आणि खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकीसुद्धा. ती सरकारी दवाखान्यात मोफत तपासून मिळते.