वचन कोणाला दिले होते?

महोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत लिहावे, असे संपादक मंडळाने कळवले तेव्हा पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाविषयी लिहायचे, हे मी लगेच ठरवले. त्या तासाचे गुण निकालात धरले जात नसत आणि बहुधा त्यामुळेच तो निवांत चाले. बाईंचा शिरस्ता असा होता की, कोणी एखादे वचन पाठ म्हणून दाखवले की त्या विचारत, ‘हे कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी म्हटले?’ याचे उत्तर देता आले नाही, तर वचन पाठ झाले असे त्या मानत नसत. देवाच्या अभिवचनांवर विश्वास ठेवणे म्हणजे काय, याविषयी पुढे जो काही विचार माझ्याकडून झाला, तो या प्रश्नाचे बोट धरूनच झाला.

आम्हा मुलांचे आवडते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले होते. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे परमेश्वर तेथे सांगतो. शुभेच्छापत्रांवर हे वचन हमखास छापलेले असते. बाईंनी आम्हाला आदला अध्याय आणि आदली वचने वाचायला लावली, तेव्हा त्या वचनाचा चेहराच बदलला. इ. स. पूर्व 597 मध्ये यहूदाचा राजा यखन्या आणि त्याच्याबरोबर अनेक लोक बंदिवान होऊन बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, आणि यिर्मयाचे हे पत्र त्या लोकांना लिहिलेले आहे. त्याआधी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांदेखत जाहीर केले होते की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील. यिर्मयाने मात्र कळवले की, 70 वर्षे लागतील. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हिताच्या संकल्पांचे ते प्रसिद्ध वचन या 70 वर्षांच्या उल्लेखाला लागूनच येते. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता.

ऐकायला हनन्याचा विश्वास मोठा वाटतो आणि यिर्मयाचा थोडा. आजही प्रार्थनासभेत ठासून बोलणाऱ्याला विश्वासू म्हणण्याची आपल्याला घाई असते. परंतु हनन्याने लोकांच्या इच्छेलाच देवाचा शब्द ठरवले होते. विश्वासाची खरी पारख येथे होते, असे मला वाटते: आपण देवाने दिलेला शब्द धरून आहोत, की आपणच त्याच्या तोंडी घातलेला?

अभिवचनाचा गैरवापर शास्त्रवचनाच्याच आधारे कसा होतो, याचे सर्वांत बोचरे उदाहरण खुद्द येशूच्या परीक्षेत आहे. मंदिराच्या शिरोभागी उभे करून सैतान त्याला 91 व्या स्तोत्रातले वचन ऐकवतो आणि खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सांगतो. वचन खरेच होते. तरी येशूने उडी घेतली नाही. परमेश्वर तुझा देव याची परीक्षा पाहू नकोस, हे ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले वचन त्याने उत्तरादाखल दिले. भरवसा ठेवणारा देवाला कोंडीत पकडत नाही. धगधगत्या भट्टीपुढे उभ्या असलेल्या शद्रख, मेशख व अबेद्नगो यांचे बाबेलच्या राजापुढचे बोलणेही याच जातीचे आहे: आमचा देव आम्हाला सोडवण्यास समर्थ आहे, पण त्याने न सोडवले तरीही आम्ही तुमच्या मूर्तीला नमन करणार नाही. त्या ‘तरीही’मध्ये संशय शोधणाऱ्यांशी माझे कधीच पटलेले नाही.

अब्राहामाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यातला एकच तपशील सांगतो. संपूर्ण कनान देश देण्याचे वचन मिळालेल्या या माणसाला साराच्या दफनासाठी एफ्रोन हित्तीकडून मख्पेलाचे शेत आणि त्यातली गुहा 400 शेकेल रुपे मोजून विकत घ्यावी लागली. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय विश्वासाची व्याख्या करून अशाच माणसांची यादी देतो, आणि वचनफल न मिळताच ती विश्वासात मरण पावली, हेही लपवत नाही. ख्रिस्ती माणूस ही सगळी वचने ख्रिस्तात पाहतो. देवाची वचने कितीही असोत, त्याच्या ठायी त्यांना ‘होय’ आहे, असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. तो ‘होय’ वधस्तंभ आणि रिकामी कबर यांच्या मार्गाने आला. त्यामुळे दुःख टळणे हाच वचन पाळले गेल्याचा पुरावा, असे मानायला ख्रिस्ती श्रद्धेत मुळी जागाच उरत नाही.

एवढे सगळे शिकूनही मन डळमळते, त्याचे काय? आजारी मुलाच्या बापाने येशूला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, अशी एका दमात विनवणी केली आणि त्याचा मुलगा बरा झाला. शुभवर्तमान लिहिणाऱ्या मार्काने ती अर्धवट कबुली जशीच्या तशी नोंदवली, याचा मला फार आधार वाटतो.

परंतु विश्वास हातापायांत कसा उतरतो, हे मला पुन्हा यिर्मयाच्याच पुस्तकात सापडले. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला होता, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता आणि नगर पडणार हे त्यानेच सांगितले होते. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथ येथील शेत विकायला आला. यिर्मयाने 17 शेकेल रुपे तोलून दिले, साक्षीदारांसमक्ष खरेदीखतावर सही केली आणि ते पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या पात्रात ठेवण्यास आपला लेखनिक बारूख याला सांगितले. या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील, असा परमेश्वराचा शब्द होता. व्यवहार उरकल्यावर त्याने केलेली प्रार्थना अवश्य वाचावी. नगर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या लोकांच्या, हाती जात असताना तू मला शेत घे म्हणतोस, असे तो देवाला स्पष्टच बोलून दाखवतो. पैसे मात्र त्याने आधीच दिलेले होते.

त्याला पुढे त्याच्या इच्छेविरुद्ध मिसर देशात (इजिप्तमध्ये) नेण्यात आले आणि त्या शेताचा उल्लेख पुस्तकात परत येत नाही. बायबलातल्याच एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बंदिवासातून परतलेल्यांची लांबलचक, रुक्ष यादी आहे. बाईंनी ती आम्हाला संपूर्ण मोठ्याने वाचायला लावली होती. तेविसाव्या वचनात नोंद आहे: अनाथोथचे लोक 128.