बर्फ नको, गरम शेक

गुरुवार, रात्री

आज धाकटीच्या वरच्या ओठावरची खपली निघाली. खाली नवी गुलाबी कातडी आली आहे. डावा कोपरा अजून बधिर वाटतो म्हणते, पण चहा पिताना ओघळ येत नाही. आई तेवढ्यानेच सुखावली. माझा राग काही उतरत नाही.

ओठ भरीव दिसावेत म्हणून धाकट्या बहिणीने फिलर, म्हणजे ओठात टोचायचं जेल, घेतलं होतं, तिथून हे सुरू झालं. मामीने फोनवर "कशाला ही नसती थेरं" म्हणून ऐकवलं. ऐकवू दे. ओठ तिचे, पगार तिचा, हौस तिची. मला संताप येतो तो अंधेरीच्या त्या क्लिनिकचं उत्तर आठवून : "सूज आहे, बर्फ लावा, उतरेल."

फिलरनंतर एक-दोन दिवस ओठ सुजतातच, थोडे काळेनिळेही पडतात. पण हिला ठणका लागला होता आणि तो तासागणिक वाढत होता. ट्यूबलाइटखाली बसवून पाहिलं, तर ओठाची डावी बाजू पांढरीफटक आणि तिथून नाकपुडीपर्यंत जांभळट जाळी उमटलेली. बोटाने दाबून सोडलं की उजवीकडे लगेच रंग यायचा, डावीकडे येतच नव्हता. फोटो पाठवले. परत तेच, बर्फ.

रात्रीच टॅक्सी करून परळचं हॉस्पिटल गाठलं. ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी ओठ दाबून सोडला, पाहिलं आणि ताबडतोब त्वचारोगाच्या वरिष्ठांना फोन लावला. ओठातल्या बारीक धमनीचं रक्त फिलरमुळे अडलं होतं. रक्त पोचलं नाही तर कातडी मरते, म्हणून अशा वेळी तास मोजायचे असतात. बर्फाने रक्तवाहिन्या आणखी आकसतात, इथे गरम शेक हवा. आणि उतारा हवा, हायल्युरोनिडेजचा. हायल्युरोनिक अॅसिडचा फिलर ते विरघळवतं. डोळ्याच्या ऑपरेशनआधी भूल नीट पसरावी म्हणूनही ते वापरतात, म्हणजे मुंबईत न मिळण्यासारखी वस्तू मुळीच नाही. मधमाशी चावून कधी खूप सूज आली होती का, असं त्यांनी आधी विचारलं, कारण त्या विषातही हे एन्झाइम असतं. मग सुया. थोड्या वेळाने पुन्हा दाबून पाहणं, पुन्हा सुया. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बोटं दुखायला लागली. पहाटेकडे ओठात रंग भरला.

जो फिलर टोचतो त्याच्या फ्रिजमध्ये हा उतारा असलाच पाहिजे. "तुमच्याकडे हायल्युरोनिडेज आहे का, आणि रात्री फोन कोण उचलणार?" हे पैसे देण्याआधी विचारावं, असं मी आता ऑफिसमधल्या सगळ्या मुलींना सांगते. २०२५च्या जुलैमध्ये उर्फी जावेदने फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हा तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर लोक हसले. फिलर विरघळवता येतो हे मला मात्र त्याच व्हिडिओमुळे कळलं होतं.

डॉक्टरांनी कोणता फिलर म्हणून विचारलं, तेव्हा हिच्याकडे साधा कागद नव्हता. सिलिकॉन असतं तर त्या एन्झाइमचा काही उपयोगच झाला नसता. चांगल्या कंपनीच्या डब्यात नाव आणि बॅच नंबरचे स्टिकर असतात, पेशंटच्या फाइलला लावायलाच. त्यातला एक हिच्या हातात द्यायला काय जात होतं?

पुढे बारीक पांढऱ्या फोडी आल्या. केमिस्ट हर्पीस म्हणून मलम देऊ लागला. रक्त तुटलेल्या जागी अशा फोडी येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून वाचलो.

उद्या क्लिनिकला पत्र जाईल : काय टोचलं, किती, टोचणाऱ्याची डॉक्टर म्हणून नोंदणी आहे का. टोचणारा डॉक्टर निघाला आणि उत्तर आलं नाही, तर तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. "ताई, सही मीच करणार," म्हणाली. फोटोही तिनेच वेळेप्रमाणे लावून ठेवलेत.