उजेड पडत नाही तिथे वीज

वाहक, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या, प्लॅस्टिकचा विषय निघाला की १९७७ साली शिराकावा, मॅकडिआर्मिड आणि हीगर यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनला आयोडीनची वाफ देऊन त्याची वाहकता लाखो पटींनी वाढवली, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळाले, एवढे सांगून बहुतेक जण थांबतात. मला त्यापुढचा प्रश्न अधिक रंजक वाटतो: अशा फिल्मवर तारांसारख्या रेघा उमटवायच्या कशा?

पॉलिपायरोल हेही असेच वाहक प्लॅस्टिक, पण हट्टी द्रव्य आहे. एकदा तयार झाले की ते वितळत नाही आणि नेहमीच्या द्रावकांत विरघळतही नाही. त्यामुळे आकार द्यायचा तो पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, जन्मण्याआधीच द्यावा लागतो. एमएस्सीच्या प्रकल्पात आम्ही फेरिक क्लोराइड हा लोहक्षार पीव्हीएच्या (पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या) द्रावणात मिसळून काचेवर पातळ थर देत असू, वर मास्क (हव्या त्या जागी प्रकाश अडवणारा साचा) ठेवून अतिनील प्रकाश पाडत असू आणि नंतर काच पायरोलच्या वाफेत धरत असू. पायरोलचे रेणू साखळीत जोडले जाण्यासाठी त्यांच्यातील इलेक्ट्रॉन काढून घेणारा ऑक्सिडीकारक लागतो, आणि ते काम फेरिक आयन करतो. तोच साखळीतून थोडे जास्तीचे इलेक्ट्रॉनही काढत असल्यामुळे वाहकता आणण्यासाठी वेगळे डोपिंग (आयोडीनसारखे द्रव्य मिसळणे) करावे लागत नाही. प्रकाश पडलेल्या जागी मात्र फेरिकचे क्षपण होऊन, म्हणजे त्याला एक इलेक्ट्रॉन मिळून, फेरस उरते, आणि त्याच्या अंगी ते बळ नसते. म्हणून उजेडातला भाग फिका आणि विद्युतरोधक राहतो, तर मास्कच्या सावलीतला भाग काळा पडून वीज वाहू लागतो.

जॉन हर्शेलने १८४२ साली शोधलेल्या सायनोटाइपमध्ये, म्हणजे जुन्या ब्लूप्रिंटमध्येही, प्रकाश हेच फेरिकचे फेरस करतो. फरक एवढाच, की तिथे उजेडाची जागा निळी होते आणि इथे सावलीची जागा कामाला येते.

अडचणी निघतात त्या रेघांच्या कडांशी. फेरिक क्लोराइड हवेतील ओलावा ओढून घेते, आणि आमचे काम नेमके जुलैत चालले होते. थर चिकट होऊन मास्कला धरत असे. मास्क जरा उचलून ठेवला, तर फटीतून तिरपा प्रकाश आत शिरून कडा पुसट होत. प्रकाश कमी वेळ दिला, तर रेघांमधल्या जागेत फेरिक शिल्लक राहून तिथेही करडी साय धरत असे. शेवटी उरलेले लोहक्षार मिथेनॉलने धुवायचे, पाण्याने नव्हे, कारण पाण्यात पीव्हीएच सुटू लागते. मग मल्टिमीटरची एक पिन एका रेघेवर आणि दुसरी शेजारच्या रेघेवर टेकवायची. पहिल्या काही काचांवर तिथेही वीज वाहत होती.